पाच बंदरे आणि पस्तीस तास

सहलीचा बेत ठरवणे हा आपल्याकडे घरातल्या कर्त्या माणसाचा मान समजला जातो. अष्टविनायक असो, काश्मीर असो की कन्याकुमारी. कुठे उतरायचे, काय पाहायचे आणि कुठल्या देवळात किती वेळ घालवायचा हे बाबांनी किंवा आजोबांनी ठरवायचे, आईने शिदोरीचे आणि औषधांचे पाहायचे, आणि मुलांनी खिडकीच्या जागेसाठी भांडायचे, अशी ही जुनी वाटणी. मुले लहान असतात तोवर ती चालतेही. पण मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले, की ते आपल्या बेतात अंगाने असते, मनाने नसते. चार पावले मागून, कानात बोंडे घालून चालणारा असा एखादा प्रवासी आजकाल प्रत्येक कुटुंबात दिसतो. त्याला आपण ‘मोबाईलवेडा’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्याला कुणी काही विचारलेलेच नसते.

क्रूझवर तर ही गोष्ट फारच ठळकपणे जाणवते. आमची मुलगी न्यू जर्सीला असते. २०२५च्या एप्रिलमध्ये तिच्या आणि आमच्या अशा दोन्ही घरांनी मिळून कॅरिबियन समुद्राची सफर करायची ठरले. थेरगावहून आम्ही दोघे, मुलगा, सून आणि मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेतून सुटलेली पंधरा वर्षांची नात. जहाज पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून निघणार, सात रात्रींत पाच बंदरे घेणार आणि परत तिथेच येणार: सेंट थॉमस, अँटिग्वा, बार्बाडोस, सेंट लुसिया आणि सेंट मार्टिन.

जहाजावरचे बाकी सारे आधीच ठरलेले असते. जेवणाच्या वेळा, रात्रीचे कार्यक्रम, निघण्याचा आणि पोचण्याचा तास, यांत आपल्याला विचारणारे कुणी नसते. निवड करायची ती एकाच गोष्टीची, बंदराला लागल्यावर किनाऱ्यावर काय करायचे त्याची. ‘शोअर एक्स्कर्शन’ नावाची ही यादी महिना-दोन महिने आधी हाती येते. एकेका बंदराला पंचवीस-तीस सहली, आणि प्रत्येकीच्या वर्णनात ‘अविस्मरणीय’ हा शब्द. दहावीची पुस्तके एका बाजूला सारून आमच्या जेवणाच्या टेबलावर ही यादी पसरली गेली, तेव्हा मी पहिल्यांदा साधा हिशेब मांडला. सात दिवसांचे तास एकशे अडुसष्ट. जहाज प्रत्येक बंदरात साधारण नऊ तास उभे राहणार, म्हणजे जमिनीवरचे तास पंचेचाळीस. त्यातला उतरायच्या रांगेत तास जातो, आणि जहाज सुटण्याआधी सगळ्यांनी परत यायची जी वेळ असते तिच्यासाठी आणखी एक तास हाती ठेवावा लागतो. उरले पस्तीस. एवढा खर्च करून सात समुद्र ओलांडायचे ते या पस्तीस तासांसाठी. मग ते कुणाच्या आवडीने खर्चायचे?

नातीने यादी वाचली ती माझ्यापेक्षा वेगळ्या रीतीने. मी वर्णने वाचत होतो, ती नकाशा उघडून बसली होती. सेंट लुसियाला समुद्रातून सरळ उभे राहिलेले ग्रोस पिटाँ आणि पेतित पिटाँ हे दोन ज्वालामुखीजन्य सुळके आहेत. युनेस्कोने २००४मध्ये त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. यादीत तिथली सहा तासांची बससहल होती. नात म्हणाली, “आजोबा, जहाज लागतं कॅस्ट्रीजला आणि सुळके आहेत सुफ्रिएरला. रस्ता सगळा वळणांचा, जाऊन-येऊन तीन तास. म्हणजे सहा तासांतले तीन तास आपण ताम्हिणी घाटात.” आत्याच्या धाकट्याला गाडी लागते हे तिला ठाऊक होते. तिने त्याच यादीतून बोटीने जायची सहल शोधली. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बोट, सुळके समुद्रातूनच दिसणार, वळणे नाहीत. सगळ्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून यादी माझ्या हातातून तिच्या हातात गेली, आणि मला त्याचे बरेच वाटले.

यादी वाचताना पाहायच्या गोष्टी फार नाहीत. पण त्या आधी पाहिलेल्या बऱ्या. सहलीचे एकूण तास न पाहता त्यातले वाहनातले तास किती ते पाहावे. पोहता येणे आवश्यक आहे का, किती पायऱ्या आहेत, वजनाची वा वयाची अट आहे का, हे बारीक अक्षरात दिलेले असते. मुलांसाठीची सवलत पुष्कळदा या वयाच्या आतच संपते आणि पंधरा वर्षांच्या मुलीला पूर्ण तिकीट पडते. ‘पोरांचं काय, निम्म्यात होईल’ असे समजून चालू नये. सहल रद्द करायची मुदत आधीच टिपून ठेवावी. भारतीय पासपोर्टवर प्रत्येक बेटाचा व्हिसाचा नियम वेगळा असतो, तो तिकीट काढण्याआधी तपासावा; आणि सफर अमेरिकेच्या बंदरातून असेल तर तिथला व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर त्याची जबाबदारी जहाज घेते. आपण बाहेरून स्वस्तात ठरवलेल्या गाडीला उशीर झाला तर जहाज निघून जाते. म्हणून लांबची सहल जहाजाकडून घ्यावी, जवळचे आपले आपण पाहावे, आणि जे पायी चालून गाठता येते ते विकत घेऊ नये.

मग ठरले असे की घरातल्या प्रत्येक ‘गटा’ने एकेक बंदर आपले म्हणायचे. त्या बंदरातला बेत त्याचा. बाकीच्यांनी सूचना कराव्यात, नकार देऊ नये. अपवाद दोनच: कुणाच्या जिवाला धोका आणि खिशाला भगदाड. शिवाय प्रत्येकाला एका बंदरात न उतरण्याचा हक्क. हा हक्क मोठी माणसे हसण्यावारी नेतात. पण दहावीचे वर्ष पार पाडलेल्या मुलीला सेंट थॉमसला सकाळी अकरापर्यंत झोपू दिले, यासारखी स्वस्त आणि गुणकारी सहल दुसरी नाही. त्या सकाळी आम्ही दोघे शार्लोट अमालीच्या गल्ल्यांतून पायी फिरलो. ही बेटे १९१७मध्ये डेन्मार्कने अमेरिकेला अडीच कोटी डॉलर घेऊन विकली. जन्मभर खतावण्या पाहिलेल्या माणसाला त्या व्यवहाराचे कुतूहल वाटले, नातीला वाटले नसते, आणि त्यात काही बिघडले नाही.

पेच आला तो बार्बाडोसचा. ते बंदर माझ्या मनात चोपन्न वर्षे होते. १९७१मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताची अवस्था ६ बाद ७० असताना दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर उभे राहिले आणि त्यांनी १८६ धावांची भागी केली. सरदेसाईंनी दीडशे केल्या. दुसऱ्या डावात सुनील गावसकर ११७ वर नाबाद राहिला. हे सारे आम्ही वर्तमानपत्रात वाचले आणि त्यावर महिनाभर जगलो. नातीने बंदर मागितले तेही नेमके हेच. तिला कासवे पाहायची होती. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मैत्रिणींबरोबर ती कोकणात वेळासला कासव महोत्सवाला गेली होती. ऑलिव्ह रिडलेची मुठीएवढी पिल्ले वाळूतून लाटेकडे सरपटताना तिने पाहिली होती, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता: मोठी झाल्यावर ती पाण्यात कशी दिसतात? बार्बाडोसच्या कार्लाइल उपसागरात हिरवी कासवे आणि हॉक्सबिल जातीची कासवे किनाऱ्याजवळ येतात. जात वेगळी, समुद्र वेगळा. पण प्रश्न तिचा होता.

बंदर तिचे झाले. पण सूनबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. महापालिकेच्या जलतरण तलावात शिकलेली पोर उघड्या समुद्रात उतरणार, ही काळजी खोटी नव्हती. तलावात पाय टेकतात, भिंत धरता येते. समुद्रात दोन्ही नाही. इथे ‘नाही म्हणजे नाही’ म्हणणे फार सोपे होते. त्याऐवजी मायलेकींनी अटी लिहून काढल्या. फुगवायचे जाकीट अंगात राहील. वाटाड्या पाण्यात बरोबर असेल, बोट नजरेच्या टप्प्यात असेल. परीक्षा संपल्यावर पंधरा दिवस तलावात काचेचा मुखवटा आणि श्वासाची नळी लावून सराव होईल. आणि त्या सकाळी पाणी खवळलेले असेल तर तक्रार न करता बेत रद्द. या शेवटच्या अटीवर तिने सही केली तेव्हा मला कळले, की निवड करायला दिली की मूल जबाबदारीही घेते. नुसते ‘जपून राहा’ म्हणून ती येत नाही.

मधला दिवस अँटिग्वाचा होता, मुलाच्या वाट्याचा. त्याने नेल्सन्स डॉकयार्ड निवडले होते. ब्रिटिश आरमाराची ही जुनी गोदी २०१६मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. यादीतल्या वर्णनात शिडाची जहाजे होती, सुंदर खाडी होती. तिथल्या स्थानिक वाटाड्याने मात्र पहिल्यांदा हे सांगितले, की या भिंती आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातांनी उभ्या राहिल्या. वाटेत उसाच्या जुन्या मळ्यांच्या दगडी पवनचक्क्या दिसत होत्या. ब्रिटिश वसाहतींत १८३४मध्ये गुलामगिरी संपवल्याचा कायदा अमलात आला, हे नातीने पुस्तकात वाचले होते. त्या वाटाड्याशी ती अर्धा तास बोलत राहिली. परतताना तिने विचारले, “आपण चहात साखर घालतो तेव्हा कुणी हा विचार केला असेल का?” उत्तर मागणारा तो प्रश्न नव्हता. पण अशा बेटांवर फक्त घसरगुंड्या आणि दोरीवरचे झोके पाहून परतायचे, की एक दिवस तरी तिथल्या माणसाचे ऐकायचे, हे निवडीच्या वेळीच ठरवावे लागते. कुणी लादले असते तर तो इतिहासाचा तास झाला असता.

बार्बाडोसला समुद्र शांत होता. नऊ वाजता ती आणि तिचे वडील बोटीने गेले, आम्ही किनाऱ्यावर. साडेअकराला परतली तेव्हा ती दहा मिनिटे काही बोललीच नाही. मग म्हणाली, “पंख असल्यासारखं पोहतं. आणि आपल्याकडे बघतसुद्धा नाही.” हात लावायचा नाही, खायला घालायचे नाही, हे तिने धाकट्या आतेभावाला इतक्या वेळा बजावले होते, की तो बिचारा पाण्यात हात पाठीमागे बांधून होता.

तिच्या कागदावर दुपारची नोंद होती, ती मी आधी पाहिली नव्हती: ‘आजोबा, ओव्हल. चालत.’ बंदरापासून मैदान पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे हे तिने नकाशावर मोजून ठेवले होते. मला वाटले, ही माझ्यासाठी केलेली सोय. पण तिचे स्वतःचेही कारण होते. २९ जून २०२४ला याच केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला झेल आणि नंतर खेळपट्टीवरचे गवत तोंडात घालणारा रोहित शर्मा तिने आमच्या दिवाणखान्यात बसून पाहिला होता. आमच्या थेरगावात दिलीप वेंगसरकरांची अकादमी आहे, ऋतुराज गायकवाड तिथेच शिकला. क्लासला जातायेता सायकलवरून दिसणारे ते मैदान तिच्या ओळखीचे. तेव्हा मैदान म्हणजे नुसती हिरवळ नव्हे, हे तिला कुणी सांगायला नको होते.

गॅरी सोबर्सच्या पुतळ्यापाशी आम्ही उभे राहिलो. मी १९७१चे सांगितले, तिने २०२४चे. रस्त्यावर शहाळे घेतले. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा दर १९७५पासून बांधलेला आहे. अमेरिकी नोट दिल्यावर सुट्ट्यांत स्थानिक पाचाची नोट आली, तिच्यावर सर फ्रँक वॉरेल यांचे चित्र. तिने विचारले, हे कोण? १९६२मध्ये याच मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून आपला कर्णधार नरी काँट्रॅक्टर मरणाच्या दारात गेला, तेव्हा त्याला रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचा हा कर्णधार होता. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णीही होते. तिने ती नोट खर्च केली नाही. अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

अशी सफर आता फक्त परदेशात मुले असणाऱ्यांची राहिलेली नाही. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे क्रूझ जातात. २०२१मध्ये या मार्गावर आलेले ‘एम्प्रेस’ हे १९९०चे जहाज तर पूर्वी कॅरिबियनमध्येच फिरत असे. गोव्यालाही हिशेब तोच. जहाज मुरगावला लागते, पणजी आणि जुने गोवे तिथून तीसेक किलोमीटर; हातात मोजके तास. त्यात चर्चेस पाहायची, फोंतैन्यासच्या गल्ल्यांतून हिंडायचे की नुसते वाळूत बसायचे, हे घरातल्या पंधरा वर्षांच्या माणसाला एकदा विचारून पाहावे. विचारायचे तर मात्र नकाशा, वेळापत्रक आणि खर्चाचा आकडा त्याच्यापुढे ठेवून विचारावे, आणि त्याने दिलेले उत्तर पाळावे. पहिल्या दिवशी तो खांदे उडवेल. दुसऱ्या दिवशी आपण बसमधले तास मोजलेले नाहीत, हे तोच आपल्याला दाखवून देईल.