दारातली गाडी आणि घसाऱ्याचा हिशेब

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून कोणी आज फेरफटका मारला तर एक गोष्ट चटकन नजरेत भरेल. नेरळ असो, कशेळे असो, चौक असो की मोहोपाडा असो, ज्या अंगणात पूर्वी बैलगाडी उभी असे त्या अंगणात आज मोठी चारचाकी उभी आहे. कोणाकडे सुमो, कोणाकडे बोलेरो, कोणाकडे स्कॉर्पिओ. शहरातले लोक तिला एसयूव्ही म्हणतात. आपल्याकडे 'मोठी गाडी' एवढे म्हटले की पुरते.

ही गाडी अंगणात आली कशी? सुमो बाजारात आली १९९४ साली, बोलेरो २००० साली, स्कॉर्पिओ २००२ साली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला तोही २००२ सालीच. जमिनींना भाव चढले, गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या, आणि त्या पैशातून काही घरांत गाडी आली. काही घरांत ती आली कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतून, काही घरांत कर्जावर. त्या पिढीच्या पुष्कळ गाड्या आज पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या आहेत. म्हणून घरोघरी एकच चर्चा चालू आहे : जुनी काढावी काय, आणि नवी घ्यावी काय?

पुष्कळांना हा प्रश्न हौसेचा वाटतो. आमच्या मते तो हिशेबाचा आहे. आणि गंमत अशी की, हा हिशेब कामगाराला मालकाच्या ताळेबंदातून उत्तम शिकता येतो.

बोनसच्या वाटाघाटीला जो बसला आहे त्याला 'घसारा' हा शब्द नवा नाही. १९५० साली मुंबईच्या गिरण्यांच्या वादात लेबर अपेलेट ट्रायब्यूनलने बोनसचे एक सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून आधी घसारा वजा करावयाचा, यंत्रे बदलण्यासाठी तरतूद करावयाची, आयकर काढावयाचा, भांडवलावरचा परतावा द्यावयाचा, आणि मग जे उरेल त्यातून कामगाराला बोनस. १९६५च्या बोनस कायद्यात यंत्रे बदलण्याची ती वेगळी तरतूद राहिली नाही, पण घसारा राहिला. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही तो आहे.

घसारा म्हणजे काय? एक यंत्र दहा लाखांना घेतले आणि ते दहा वर्षे चालणार असेल, तर दर वर्षी त्याचा सुमारे एक लाखाचा भाग झिजून मालात उतरतो. तो रोख खर्च दिसत नाही, कोणाला पावती मिळत नाही, पण खर्च झालेला असतोच. शहाणा कारखानदार तेवढा पैसा बाजूला ठेवतो आणि दहा वर्षांनी नवे यंत्र आणतो. खोपोलीला १९१५ सालापासून पाण्यावर वीज होत आली आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ एखादे वीजघर चालते ते जुन्या यंत्रांच्या पुण्याईवर नव्हे. यंत्रे वेळच्या वेळी बदलली गेली म्हणून.

आता आपल्या अंगणात येऊ. आयकराच्या नियमात धंद्यातील मोटारीवर साधारणपणे दर वर्षी उरलेल्या किमतीच्या पंधरा टक्के घसारा धरतात. तोच दर आपण घरच्या गाडीला लावून पाहू. पंधरा लाखांची गाडी पहिल्याच वर्षी सव्वादोन लाखांनी उतरते. पाच वर्षांनी तिची किंमत सुमारे ६ लाख ६६ हजार उरते, दहा वर्षांनी सुमारे २ लाख ९५ हजार. म्हणजे दहा वर्षांत बारा लाख रुपये झिजले. वर्षाला एक लाख वीस हजार, महिन्याला दहा हजार. गाडी अंगणात नुसती उभी राहिली तरी ही झीज फारशी टळत नाही.

हे दहा हजार किती घरांनी महिन्याच्या महिन्याला बाजूला टाकले? फारच थोड्या. आणि म्हणूनच गाडी बदलण्याचा दिवस उगवतो तेव्हा हात रिकामा असतो आणि कर्जाचा कागद पुढे येतो. बारा लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १९ हजार ३०० रुपयांचा बसतो आणि एकूण फेड १६ लाख २२ हजारांच्या घरात जाते. उलट महिन्याला दहा हजार रुपये सहा टक्के व्याजाने दहा वर्षे साठवले, तर भरलेल्या बारा लाखांचे सुमारे १६ लाख ३९ हजार होतात. रक्कम दोन्हीकडे बारा लाखच. एक जण बारा लाखांसाठी सोळा लाख भरतो. दुसरा बारा लाख भरून सोळा लाख घेतो. फरक एवढाच की एकाने घसारा आधी काढला आणि दुसऱ्याने नंतर.

याहूनही कठीण गोष्ट ग्रॅच्युइटीची. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून चाळीस हजार असेल आणि नोकरी पंचवीस वर्षांची असेल, तर पंधरा दिवसांच्या हिशेबाने हाती पडणारी रक्कम पावणेसहा लाखांच्या आसपास होते. पंचवीस वर्षांची ही कमाई मोठ्या गाडीच्या निम्म्या किमतीलाही पुरत नाही. आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग पाच वर्षांत झिजून जातो. जमीन विकून आलेल्या पैशाचेही तेच. जमीन झिजत नव्हती, गाडी झिजते. न झिजणारी वस्तू देऊन झिजणारी घेतली, तर निदान झिजेचा पैसा तरी साठवला पाहिजे.

मग जुनी गाडी कधी बदलावी? 'पंधरा वर्षे झाली, आता सरकार चालवू देणार नाही,' असे पुष्कळ लोक बोलतात. ते खरे नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी नवी करता येते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी मात्र ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, वीस वर्षांवरील गाडीला ती त्याहून अधिक पडते, आणि पर्यावरण करही भरावा लागतो. तरीही हा खर्च नव्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या झिजेपुढे काहीच नाही. वर्षाकाठी पन्नास हजारांची दुरुस्ती निघाली की घरात कुरकुर सुरू होते. पण नवी गाडी पहिल्या वर्षी सव्वादोन लाख खाते, त्याची कुरकुर कोणी करत नाही, कारण ते दिसत नाही.

तेव्हा केवळ वयासाठी गाडी काढू नये. काढण्याची खरी कारणे दोन आहेत. पहिले, सांगाड्याचा गंज. आपल्याकडे पावसाळ्यात जो पाऊस कोसळतो, त्यात चिखल गाडीच्या पोटाला महिनोन्महिने चिकटून राहतो. या जुन्या मोठ्या गाड्यांचा पाया म्हणजे लोखंडी तुळयांचा सांगाडा, आणि त्यावर वरचा डबा बसवलेला. इंजिन नवे बसवता येते, गिअरबॉक्स बदलता येते. पण सांगाडा आतून पोखरला तर ठिगळ लावून घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. गॅरेजवाल्याकडे गाडी वर उचलून, हातोडीने ठोकून हे दर वर्षी पाहून घ्यावे.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. चाके न अडकता ब्रेक लागण्याची व्यवस्था, जिला एबीएस म्हणतात, ती आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. चालकासमोरची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत यांतले काहीच नाही. मागे आडव्या बाकांवर समोरासमोर पोरे बसवून, पट्ट्याशिवाय, बोरघाट उतरणारी गाडी आजही दिसते. ज्या घरातली माणसे आठवड्यातून दोनदा घाटातून जातात, त्या घराने हिशेबाची वही क्षणभर मिटून ठेवावी आणि गाडी बदलावी. गाडीचा घसारा भरून येतो, माणसाचा येत नाही.

नवी घ्यावयाची ठरली तर दोन गोष्टी समजून घ्याव्यात. एक, कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरचा जीएसटी दोन पायऱ्यांवर आला आहे. लांबी चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन १२०० किंवा डिझेल इंजिन १५०० घनसेंटिमीटरच्या आत, अशी गाडी असेल तर कर १८ टक्के. याहून मोठीला ४० टक्के. म्हणजे रस्त्यावर शेजारी-शेजारी उभ्या दोन उंच गाड्या दिसायला भावंडे वाटल्या, तरी वीतभर लांबीसाठी एकीवर दुपटीहून जास्त कर असू शकतो. ती वीतभर लांबी आपल्याला खरोखर लागते काय, हे दुकानात शिरण्यापूर्वी घरात ठरवावे.

दुसरी गोष्ट डिझेलची. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले, आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरून ठेवणारी गाळणी आली. ही गाळणी साचलेली काजळी स्वतःच जाळते. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. जुनी जीप दिवसभर गाव ते स्टेशन करीत राहिली तरी तिचे काही बिघडत नसे. नव्या डिझेल गाडीला रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या घातल्या, तर गाळणी तुंबते आणि दिवा लागतो. तेव्हा ज्याचे चालणे थोडे, त्याने पेट्रोल किंवा सीएनजी पाहावी. जो रोज पनवेल-पुण्याकडे धावतो, त्याने डिझेलचा विचार करावा.

आणि चालणे किती, हाच शेवटी कळीचा प्रश्न आहे. वर्षाला एक लाख वीस हजारांची झीज वीस हजार किलोमीटरांवर वाटली तर किलोमीटरला सहा रुपये पडते. आठ हजारांवर वाटली तर पंधरा. इंधन, विमा, टायर हे वेगळेच. कर्जतहून मुंबईला कामावर जाणारा माणूस लोकलने जातो. गाडी फक्त लग्नाला, जत्रेला आणि दवाखान्याला लागते. अशा घराने लहान गाडी ठेवून, सात माणसे जावयाची तेव्हा मोठी गाडी भाड्याने सांगितली, तर अब्रू जात नाही आणि पैसा वाचतो.

जुनी गाडी देतानाही सावध असावे. ओळखीच्या माणसाला चावी दिली आणि कागद तसेच राहिले, असे आपल्याकडे नेहमी घडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. नाव बदलल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे समजू नये. गाडी मोडीतच काढावयाची असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी-फी माफ होते, आणि राज्य सरकार ठरवील त्याप्रमाणे वाहनकरातही सवलत मिळते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे हे प्रमाणपत्र नसते.

मोडीत गेलेल्या लोखंडाचे पुढे काय होते, हे खालापूरकरांना निराळे सांगायला नको. खोपोलीत १९६०च्या दशकात महिंद्र युजिन या नावाने जो पोलादाचा कारखाना उभा राहिला, तिथे भंगार विजेच्या भट्टीत वितळवून मोटारींच्या भागांसाठी लागणारे मिश्रपोलाद घडत आले आहे. भट्टीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराला ठाऊक असते की लोखंड मरत नाही, रूप बदलते. पैशाचे तसे नाही. झिजलेला पैसा कोणतीही भट्टी परत देत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. गाडी जुनी ठेवा किंवा नवी घ्या; पण ज्या दिवशी गाडी अंगणात आली त्याच्या पुढच्या महिन्यापासून तिच्या घसाऱ्याचे खाते पोस्टात किंवा बँकेत वेगळे उघडा, आणि ते घरातल्या बाईच्याही नावावर असू द्या, म्हणजे त्याला सहज हात लागणार नाही. दहा हजार जमत नसतील तर पाच टाका. आणि पाचही जमत नसतील, तर ती गाडी आपल्या मिळकतीपेक्षा मोठी आहे एवढे तो हिशेब आपल्याला सांगतो आहे, त्याचे ऐकावे. कारखान्याच्या ताळेबंदातला प्रत्येक आकडा तपासून पाहण्याचा हक्क कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडून मागितला आहे. आपल्या घराचा ताळेबंद मांडायला तर कोणाशी भांडावेही लागत नाही.