संभाव्य स्थितींचे गणित आणि प्राचलांची मांडणी

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहरात हजारो लोकांचा बळी घेतला. त्यानंतर, मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले अभियंते मो. विश्वेश्वरय्या यांच्या शिफारशीनुसार शहराच्या वरील बाजूस उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) ही धरणे बांधण्यात आली. तथापि, आबिड्ससारख्या दाट वस्तीवर प्रत्यक्ष पडणारे पाणी या धरणांत जात नाही. ते नाल्यांनीच वाहून नेले पाहिजे.

नाला किती मोठा असावा, हे ठरविण्याचे गणित आता संगणकावर करतात. लहान क्षेत्रासाठी पावसाचा वेग, क्षेत्रफळ आणि अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी वाहून जाणारा अंश, ही प्रमुख प्राचले होत. उदाहरणादाखल, एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरल्यास, गुणांक ०.३ असता सेकंदाला सुमारे ४.२ घनमीटर पाणी येते. जमीन सिमेंटने झाकली जाऊन गुणांक ०.९ झाला, की तेच १२.५ घनमीटर होते. पाऊसही ताशी ८० मिलिमीटर धरल्यास २० घनमीटर होते.

अशा प्रत्येक संभाव्य स्थितीसाठी संपूर्ण आज्ञावलीची निराळी प्रत करण्याची पद्धत घातक आहे. एका प्रतीत केलेली दुरुस्ती दुसरीत राहून जाते व निष्कर्षांची तुलना निरर्थक ठरते. यास्तव पुढील मांडणी हितावह होय :

(१) सूत्र एकाच ठिकाणी असावे.
(२) सर्व प्राचलांचा एक मूलसंच असावा व प्रत्येकापुढे एकक आणि आधार नोंदवावा. मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटरचा आकडा पडल्यास नाला दहापट लहान ठरेल.
(३) ‘दाट वस्ती’, ‘अतिवृष्टी’ अशा नावांच्या संचांत मूलसंचाहून वेगळी असलेली मूल्येच लिहावीत.
(४) मूलसंचात नसलेले नाव आढळल्यास आज्ञावली थांबावी. अन्यथा अक्षराच्या चुकीने जुनेच मूल्य वापरले जाते.
(५) प्रत्येक निष्कर्षासोबत संचाचे नाव व वापरलेली सर्व मूल्ये छापावीत.

गावातील मोरीचा अंदाज करतानाही हाच तक्ता वहीत आखता येतो. शाळेत शिक्षकांनी तो विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. मोरी कोणत्या पावसासाठी बांधली, याची नोंद राहिल्यास ती पुढे अपुरी का पडली, हे ग्रामस्थांना व अधिकाऱ्यांना तपासता येईल.