पावसाळा संपला, आता ब्रेक ऑइल बदला

पावसाळा संपला की सिल्वासाच्या टोकरखाड्यात दुचाकी गाड्या स्वच्छ धुतल्या जातात, चेनला तेल लागतं, इंजिन ऑइल बदललं जातं. हँडलवरच्या छोट्या डबीतल्या ब्रेक ऑइलकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. सिल्वासात चार महिने धो धो पाऊस. त्यात कुणी रोज वापीला कामाला जातो, कुणी खानवेल-दूधनीच्या चढउतारांवर. अशा गाडीचं ब्रेक ऑइल वेळेवर बदललंच पाहिजे.

आपल्याकडच्या बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की ही हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर डिस्क तापते, कॅलिपरमधलं ऑइल उकळतं, वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. शिवाय आतल्या धातूला गंज चढतो तो वेगळाच. म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात.

डबीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचीच सीलबंद बाटली आणा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइलने रबरी सील फुगतात, त्याचा थेंबही नको. कॅलिपरवरच्या, ऑइल काढायच्या निप्पलला बसेल असा रिंग पाना, पारदर्शक नळी, रिकामी बाटली आणि मदतीला एक माणूस एवढं पुरे. ऑइल रंग खातं, म्हणून टाकीवर ओला फडका अंथरा.

हँडल वळवून डबी सपाट करा आणि झाकण उघडा. नळीचं एक टोक कॅलिपरच्या निप्पलवर चढवा, दुसरं बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने निप्पल पाव आटा सैल करायचा. ऑइल बाहेर आलं की आधी निप्पल आवळायचा, मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला तर हवा आत जाते. नळीतून आधी चहाच्या रंगाचं गढूळ ऑइल येतं, मग बुडबुडे, शेवटी स्वच्छ फिकट पिवळी धार. तोवर हेच पुन्हा पुन्हा करा आणि डबीत नवं ऑइल भरत राहा. डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर तिथूनही हवा आत जाते. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (अँटी-लॉक ब्रेक) सक्तीचं आहे. त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला अनेकदा सर्व्हिस सेंटरचं यंत्रच लागतं.

पातळी खुणेपर्यंत आणून झाकण लावा, सांडलेलं पाण्याने धुवा. लिव्हर घट्ट लागतो का, निप्पलपाशी ओल आहे का, ते तपासा. आधी गाडी हाताने ढकलून ब्रेक दाबा, मग गल्लीत हळू चालवून बघा. लिव्हर जरा जरी मऊ लागला तरी रस्त्यावर न जाता मेकॅनिकला बोलवा. जुनं ऑइल गटारात ओतू नका. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती गॅरेजवाल्याच्या वापरलेल्या ऑइलच्या साठ्याजवळ वेगळी ठेवायला द्या. बदलल्याची तारीख गाडीच्या पुस्तकात लिहा, म्हणजे दोन वर्षांनी आठवणीवर विसंबावं लागणार नाही.