जादा बिदागीचा धनादेश

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची कामकाजाची वेळ संपत आली असताना आमच्या शाखेतील एक जुन्या खातेदार बाई परदेशी पैसे पाठविण्याचा अर्ज घेण्यासाठी आल्या. या अर्जात रक्कम पाठविण्याचे प्रयोजन लिहावे लागते. त्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. त्यांची कन्या अमेरिकेत असते, लहान मुलांना व्हायोलिन शिकवते आणि शनिवार-रविवारी विवाहसमारंभांत वादन करते, हे आम्हांला ठाऊक होते. काही वेळाने त्यांनी सारी हकीकत सांगितली आणि शेवटी विचारले, "साहेब, पैसे बँकेनेच जमा केले, बँकेनेच खात्यात दाखविले. मग बँकच ते परत कसे घेते?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर देताना बँकेत दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसालाही शब्द जुळवावे लागले, आणि ते उत्तर अधिक सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात होते.

घडले ते असे. कन्येला एका अनोळखी गृहस्थाचे ई-मेल आले. मुलीच्या विवाहात तीन तास वादन हवे आहे, आपण मोकळ्या आहात काय आणि बिदागी काय घ्याल, एवढाच मजकूर. तिने ८०० डॉलर सांगितले. गृहस्थांनी घासाघीस केली नाही. कोणते राग, कोणत्या चाली, साथीला कोण, यातले काहीही विचारले नाही. आपण ऐकण्याने अधू असल्यामुळे दूरध्वनीवर बोलू शकत नाही, पत्रव्यवहारच करावा, असे मात्र नम्रपणे कळविले. आठवड्याभरात कुरिअरने धनादेश आला तो २,९०० डॉलरचा. सोबतच्या पत्रात खुलासा होता : ८०० आपले, १०० आपल्या तसदीबद्दल, आणि उरलेले २,००० पाहुण्यांची ने-आण करणाऱ्या वाहनचालकास आजच पाठवावेत, कारण तो धनादेश स्वीकारत नाही. धनादेश भरल्यावर दुसऱ्याच दिवशी रक्कम खात्यात दिसू लागली. तिने २,००० डॉलर पाठविले. आठव्या दिवशी धनादेश खोटा म्हणून परत आला, बँकेने २,९०० डॉलर आणि वर परतीचे शुल्क वळते करून घेतले. मधल्या काळात घरभाडेही त्याच खात्यातून गेले होते. खाते उणे झाले आणि आईपर्यंत गोष्ट आली.

या व्यवहारात धनादेश खोटा होता, विवाह खोटा होता, वाहनचालक खोटा होता. खरे होते ते फक्त वाहनचालकाला गेलेले दोन हजार डॉलर, आणि ते तिच्या स्वतःच्या कमाईचे होते.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. खातेदाराने धनादेश भरला की त्याची बँक तो ज्या बँकेवर काढला आहे तिच्याकडे वसुलीसाठी पाठविते. ती बँक सही, शिल्लक आणि कागदाचा खरेपणा पाहून पैसे देते किंवा धनादेश परत करते. हा निकाल येईपर्यंत खातेदाराला ताटकळत ठेवायचे की त्याच्या भरवशावर रक्कम आधी वापरू द्यायची, हा प्रत्येक देशाचा स्वतंत्र निर्णय असतो. अमेरिकेत पूर्वी बँका धनादेशाची रक्कम दिवसेंदिवस अडकवून ठेवीत, अशा तक्रारी फार झाल्या. म्हणून १९८७ मध्ये तेथील संसदेने कायदा करून रक्कम किती दिवसांत वापरावयास खुली करावी, हे ठरवून दिले. बँकेने स्वतःवर काढलेला धनादेश खातेदाराने खिडकीवर स्वतः भरल्यास त्याची रक्कम सर्वसाधारणपणे पुढील कामाच्या दिवशी खुली करावी लागते. आपल्याकडील पे-ऑर्डरसारखाच हा प्रकार. ठकसेन बहुधा याच प्रकारच्या धनादेशाची नक्कल पाठवितात, हा योगायोग नव्हे.

रक्कम खुली झाली याचा अर्थ धनादेश वटला असा होत नाही. ती तात्पुरती जमा असते. धनादेश परत आल्यास ती जमा उलटविण्याचा अधिकार बँकेला असतो आणि तोटा खातेदाराने सोसायचा असतो. ग्राहकाच्या सोयीसाठी केलेल्या कायद्याने जमा आणि वसुली यांच्यामध्ये काही दिवसांची फट ठेवली, आणि फसवणुकीचा हा सारा खेळ त्या फटीत चालतो. ही फट रुंदावण्याची युक्तीही त्यांना साधली आहे. धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेल्या पट्टीतील बँकेचा क्रमांक एका बँकेचा आणि वर नाव दुसऱ्याच बँकेचे, असे मुद्दाम छापले जाते. मग तो कागद चुकीच्या दारी जातो, तेथून परत फिरतो आणि निकाल आणखी लांबतो. अलीकडे कागदही लागत नाही. धनादेशाची प्रतिमाच ई-मेलने पाठवून ती छापून मोबाईलवरून भरावयास सांगितले जाते.

ब्रिटनमध्ये तर नोव्हेंबर २००७ पर्यंत धनादेश नक्की कधी वटला म्हणायचे याला निश्चित दिवसच नव्हता. त्या महिन्यापासून, सहाव्या कामाच्या दिवसाअखेर रक्कम पक्की समजावी, त्यानंतर खातेदाराचा स्वतःचा फसवणुकीत हात नसेल तर ती परत घेता येणार नाही, असा नियम लागू झाला. पुढे धनादेशांच्या प्रतिमांवर वसुली होऊ लागली आणि ही मुदत बरीच आटली.

हा सापळा कलावंतांसाठीच का लावला जातो? तो इतरांसाठीही लावला जातो, हे आधी सांगितले पाहिजे. पण गायक-वादकांचा व्यवसायच असा आहे की अनोळखी माणसाचे पत्र ही त्यांना शंकेची नव्हे, आनंदाची गोष्ट वाटते. आपल्याकडे सनई-चौघडेवाले, वाद्यवृंद, कीर्तनकार यांची तारीख सुपारी आणि विसार देऊन धरण्याची रीत जुनी आहे. कोण कुठला माणूस येतो, पैसे हातावर ठेवतो आणि दोन महिन्यांनंतरचा दिवस बांधून जातो. कलावंताचा पत्ता, दूरध्वनी, छायाचित्र, सगळे जाहीर असावे लागते. शिवाय आलेली तारीख हातची गेली तर ती भरून निघत नाही. त्यामुळे थोडे खटकले तरी माणूस मन मारून होकार देतो. वीणेसारखे भव्य हार्प वाजविणारे, विवाहांत वाजविणारी तंतुवाद्यांची चौकडी, चर्चमधील ऑर्गनवादक आणि घरी शिकवण्या घेणारे शिक्षक यांच्याकडे पाश्चात्त्य देशांत अशी पत्रे वारंवार येतात. ब्रिटनमधील म्युझिशियन्स युनियन ही वादकांची जुनी संघटना आपल्या सदस्यांना याबाबत सावध करीत आली आहे. शिक्षकांना येणारे पत्र थोडे निराळे असते : माझा मुलगा महिनाभर तुमच्या गावी येत आहे, त्याला रोज शिकवावे, चालक आणून सोडील, त्याचे पैसेही तुमच्याच धनादेशात घालतो.

पत्र शेकडोंना एकाच वेळी गेलेले असल्यामुळे त्यात वाद्याचे नाव बहुधा नसते. 'तुमची सेवा' एवढाच उल्लेख. समारंभाचे स्थळ एक तर सांगितलेले नसते, किंवा खऱ्या सभागृहाचे नाव असते आणि त्या सभागृहात त्या दिवशी तसे आरक्षणच नसते. सभागृहाला एक दूरध्वनी केला तरी उलगडा होतो, पण तो करण्याचे कोणास सुचत नाही. मात्र या सगळ्या खुणा दुय्यम आहेत, असे माझे मत आहे. चांगले लिहिता येणारा ठक आता सहज मिळतो आणि संगणकही त्याला सुबक पत्र लिहून देतो. न बदलणारी खूण एकच आहे : ठरल्यापेक्षा जास्त रक्कम येते आणि ती जादा रक्कम तिसऱ्याला द्यावयास सांगितली जाते. ज्याला वाहनचालकाचे पैसे देणे आहे तो ते स्वतः का देत नाही? या प्रश्नाला कोणत्याही पत्रात सरळ उत्तर मिळणार नाही.

पैसे पुढे पाठविण्याचा मार्गही विचारपूर्वक निवडलेला असतो. पूर्वी तो बहुधा रोख हस्तांतर करणाऱ्या कंपन्यांचा असे. पलीकडे कोणी रक्कम उचलली की माग संपला. जानेवारी २०१७ मध्ये वेस्टर्न युनियन कंपनीने अशा फसवणुकीला आपल्या यंत्रणेतून साहाय्य झाल्याचे मान्य करून अमेरिकन सरकारशी झालेल्या समझोत्यात ५८ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे कबूल केले, आणि त्या रकमेतून पुढे अनेक पीडितांना भरपाई मिळाली. आता भेटकार्डांचे क्रमांक किंवा मोबाईलवरून तत्काळ हस्तांतर असे मार्ग सुचविले जातात. येणारा पैसा सावकाश पक्का व्हावा आणि जाणारा पैसा क्षणात पक्का व्हावा, एवढेच त्यांना हवे असते.

येथे आम्हा बँक कर्मचाऱ्यांचीही एक चूक नोंदविली पाहिजे. खिडकीवर ग्राहक विचारतो, "पैसे जमा झाले का?" आणि आपण पडद्यावर पाहून "हो, झाले" म्हणतो. उत्तर खोटे नसते, पण ग्राहक त्याचा अर्थ 'धनादेश वटला' असा घेतो आणि त्या एका शब्दावर हजारो रुपये किंवा डॉलर पुढे पाठवितो. बाईंच्या कन्येनेही तिकडील बँकेत विचारले होते आणि तिला असेच उत्तर मिळाले होते. आपल्या शाखांतून तरी 'रक्कम दिसते आहे, पण अंतिम वसुली झालेली नाही' असे पूर्ण वाक्य बोलण्याची सवय लागावी. ग्राहकांनीही प्रश्न बदलून विचारावा : ज्या बँकेवर धनादेश काढला आहे तिने पैसे दिले का? परदेशी बँकेवरील धनादेश असेल तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा, कारण तो तेथून परत येण्यास आठवडेही लागू शकतात.

आपल्या देशात धनादेशाची फट आता अगदी अरुंद झाली आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने सलग समाशोधनाची पद्धत सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यात सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत आलेल्या धनादेशांवर त्याच सायंकाळी ७ पर्यंत निर्णय कळविणे संबंधित बँकेवर बंधनकारक झाले. त्यामुळे येथील ठकांनी धनादेशाचा नाद फारसा धरलेला नाही. त्यांनी तीच गोष्ट यूपीआयच्या वेषात आणली. लष्करी अधिकारी असल्याचे सांगून कोणी छावणीतील कार्यक्रमाची सुपारी देतो. मग पाच हजारांऐवजी चुकून पन्नास हजार पाठविल्याचे सांगून घाईघाईने पंचेचाळीस हजार परत मागतो. पुरावा म्हणून जो लघुसंदेश येतो तो बँकेचा नसून त्याने स्वतः टंकलेला असतो. दुसऱ्या प्रकारात विसाराचे पैसे 'स्वीकारण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकावयास सांगतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. तो टाकला की पैसे जातात. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आल्याने एक वाट बुजली, परंतु क्यूआर कोडची वाट उघडीच आहे.

एक प्रकार याहून गुंतागुंतीचा. कधी कधी जादा रक्कम खात्यात खरोखरच येते, पण ती दुसऱ्या कोणाची तरी फसवणूक करून आणलेली असते. ती आपण सांगितलेल्या निराळ्या खात्यात 'परत' केली की चोरीच्या पैशाच्या साखळीत आपले खाते एक कडी होते. मूळ पीडिताने तक्रार केल्यावर पोलिसांच्या सूचनेवरून त्या खात्यातील व्यवहार रोखले जाऊ शकतात, आणि मग साथीदारांचे मानधन, घरखर्च, सारेच अडते. अनोळखी जादा रकमेला हात न लावता आपल्या शाखेला लेखी कळवावे; रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाण्याची व्यवस्था बँकेमार्फतच व्हावी. आपले पैसे गेलेच असतील तर शाखेला आणि १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. तेथे तास नव्हे, मिनिटे मोलाची असतात.

त्या बाईंना मी बहुतेक हेच सांगितले, अर्थात इतके लांबवून नव्हे. त्यांनी प्रयोजनाच्या रकान्यात निकटच्या नातेवाइकाचा निर्वाह असे लिहिले, सही केली आणि रक्कम रवाना झाली. गेल्या दिवाळीत त्या पासबुक भरून घेण्यासाठी आल्या तेव्हा मी कन्येची चौकशी केली. आता ती निम्मी बिदागी आगाऊ घेते, करारावर सही घेतल्यावाचून तारीख बांधत नाही, आणि ठरल्यापेक्षा एक डॉलर जास्त असलेला धनादेश न भरता परत पाठविते. मध्यंतरी तिला पुन्हा तसेच पत्र आले होते म्हणे. मुलीचा विवाह, तीन तास, तोच नम्र मजकूर. या वेळी मात्र गृहस्थांनी वाद्याचे नाव आवर्जून लिहिले होते : सनई.