आभार नेमके कशाबद्दल?

काही वर्षांपूर्वी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील तीन चिकित्सालयांतील विचर्चिकेच्या रुग्णांची निरीक्षणे एकत्र करून एक लेख सिद्ध करण्यात आला. रुग्ण बहुतांशी औद्योगिक वसाहतींतील कामगार होते. औषधयोजना अंबरनाथच्या ज्येष्ठ वैद्यांची होती, बदलापूरच्या स्नेह्यांनी सर्वाधिक रुग्ण दिले आणि लेखन आम्ही केले. प्रथम नाव कोणाचे, यावर तिघांत महिनाभर गोड शब्दांत कडू चर्चा झाली. अखेर ज्येष्ठत्वाचा मान राखला गेला. लेख लवकर स्वीकारला जावा म्हणून चौथे नाव एका प्रतिष्ठिताचे घातले. त्यांनी लेखाची एक ओळही पाहिली नव्हती.

आमच्याकडे नुकतीच पदवी घेतलेली एक तरुण वैद्या होती. दर आठवड्यास लोकलने तिन्ही गावी जाऊन कंडू, स्राव व वैवर्ण्य यांची नोंद तीच करी. त्याच खात्यात कामावर परतणाऱ्यांचा व्याधी पुन्हा उलटतो, हेही प्रथम तिच्याच ध्यानी आले होते. तिचे नाव शेवटी, आभारांत आले. अंक हाती पडल्यावर तिने एवढेच विचारले, "सर, आभार नेमके कशाबद्दल मानले आहेत?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

त्यानंतर चरकसंहिता चाळताना अध्यायांच्या पुष्पिकांकडे आम्ही नव्या दृष्टीने पाहू लागलो. आपण त्या पाठ म्हणतो, पण त्यांत काय सांगितले आहे? तंत्र अग्निवेशाने रचले, चरकाने त्याचा प्रतिसंस्कार केला, आणि जे मिळाले नाही ते दृढबलाने पुरे केले. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे काम आहे. उपदेश आत्रेयांचा, हे प्रत्येक अध्यायाच्या आरंभीच नमूद होते; तरीही रचनेचे श्रेय शिष्याकडेच राहिले. आजच्या मार्गदर्शकांनी हे अवश्य पाहावे. दृढबल तर चिकित्सास्थानातील १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन्ही स्थाने आपण पूर्ण केल्याचे स्वच्छ सांगतो. १२० पैकी ४१ अध्याय! अर्थात काळानेही अन्याय केलाच. ग्रंथास नाव चरकाचे मिळाले आणि मूळ रचनाकार अग्निवेश मागे पडला.

आधुनिक वैद्यकातील एक उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये बॉम्बे रक्तगटाचा शोध प्रसिद्ध झाला. लेखकांची नावे सात. आरंभी भेंडे, देशपांडे व भाटिया हे मुंबईचे तिघे. नंतर सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स हे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील चौघे. रक्तगटशास्त्रात रेस व सँगर यांचा दबदबा तेव्हा जगभर होता. तरी ज्यांच्या हाती ते रक्त प्रथम आले, त्यांची नावे प्रथम राहिली.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१३ पासून लेखकत्वास चार अटी घातल्या आहेत. आखणीत, माहिती गोळा करण्यात वा तिच्या विश्लेषणात भरीव सहभाग हवा. लेखन वा चिकित्सक संस्करण हवे. अंतिम मसुद्यास संमती हवी. आणि सर्व कामाचे उत्तरदायित्व हवे. चौघांतील चौथे नाव यांपैकी एकाही अटीस उतरत नव्हते. समिती आणखी एक सांगते: पहिल्या अटीत बसणाऱ्यास मसुदा पाहण्याची संधी नाकारून वगळू नये. आम्ही नेमके तेच केले होते. गुणांच्या हिशेबाने मात्र हा प्रश्न सुटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दोन लेखक असल्यास प्रत्येकास ७० टक्के गुण होते. बेरीज १४० कशी, हे गणितज्ञांनी सांगावे! २०१४ पासून मात्र संकल्पना, नोंदी, विश्लेषण, लेखन अशी चौदा कामांची एक यादी प्रचारात आली आहे. प्रत्येक नावापुढे त्याचे काम लिहायचे, म्हणजे पुष्पिकाच.

आम्ही संपादकांस शुद्धिपत्र पाठवले. प्रतिष्ठित गृहस्थ अद्याप आमच्याशी बोलत नाहीत. ज्येष्ठ वैद्यांनी मात्र आपले नाव खाली घेण्यास स्वतःहून संमती दिली, आणि तरुण वैद्येचे नाव दुसऱ्या क्रमांकावर छापले गेले. गेल्या वर्षी आमवातावरील नव्या कामासाठी आम्ही बदलापुरी जमलो. पहिला रुग्णपत्रक भरण्यापूर्वीच तिने कोरा कागद पुढे ठेवला. कोण काय करणार ते त्यावर लिहून चौघांनी सह्या केल्या. क्रमाचा रकाना तिने मोकळा सोडला आहे; तो काम संपल्यावर भरायचा आहे.