दूध परत फिरवणारा व्हॉल्व्ह

दिल्ली परिसरातल्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर नेमकं करतो काय, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि माझ्या मनात पहिलं नाव आलं ते पटपडगंजच्या मदर डेअरीचं. ‘ऑपरेशन फ्लड’च्या काळात, 1974 साली ती सुरू झाली. टोकन टाकून सुटं दूध घ्यायची तिची बूथं दिल्लीकरांच्या सवयीची आहेत. तिथल्या टोन्ड दुधाचं मूळ मात्र आपल्या मुंबईतलं. म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते जास्त घरांना परवडेल असं करण्याची ही पद्धत 1940च्या दशकात दारा खुरोडी यांनी मुंबईत रूढ केली.

इतिहास एवढा पुरे. अशा डेअऱ्यांमध्ये मला खिळवून ठेवतो तो पाश्चरायझरवरचा एक व्हॉल्व्ह. दूध 72 अंश सेल्सिअसला तापतं आणि होल्डिंग ट्यूबमधून किमान 15 सेकंद वाहतं. नळीच्या शेवटी तापमान मोजलं जातं. ते कमी भरलं की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह वाट बदलतो आणि दूध पुन्हा सुरुवातीच्या बॅलन्स टँकमध्ये येतं. दूध पुढे सोडायला या व्हॉल्व्हला हवेचा दाब लागतो. परत फिरवायला काहीच लागत नाही. वीज गेली, दाब गेला, तर आतली स्प्रिंगच त्याला परतीच्या वाटेवर आणते. शंका असेल तर दूध अडवायचं, हे त्याच्या बांधणीतच आहे. इतकी शहाणी रचना क्वचितच पाहायला मिळते.

मॅनेजरला मात्र अडवण्याचा निर्णय दर वेळी स्वतः घ्यावा लागतो. टोन्ड दुधात फॅट किमान 3 टक्के आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, किमान 8.5 टक्के हवेत. फॅट थोडं जास्त गेलं तर कंपनीचा तोटा, कमी गेलं तर गुन्हा. दूध नीट तापलं का, हे फॉस्फटेज चाचणी सांगते. मधूनमधून सगळ्या नळ्यांतून कॉस्टिक आणि आम्ल फिरवून धुलाई करायची. तेवढा वेळ उत्पादन बंद. आणि पहाटेच्या गाड्या तर वेळेवर सुटायलाच हव्यात.

उन्हाळ्यात म्हशी आटतात आणि नेमकी तेव्हाच दही, ताक, आइस्क्रीमची मागणी चढते. मग भुकटी आणि बटर ऑइल वापरून दूध पुरं करावं लागतं. हिवाळ्यात दूध भरपूर, पण धुक्यात टँकर तासन्‌तास अडकतात. उशिरा आलेल्या दुधाची आम्लता वाढलेली असली तर टँकर परत पाठवायचा आणि त्या दिवसाचं टार्गेट सोडायचं. धुलाईची दहा मिनिटं वाचवण्याचा मोह होतो तो अशाच रात्री.

यात कायद्याची बाजू मला सर्वांत काळजीची वाटते. अन्नसुरक्षा कायदा 2006 मधलं कलम 66 कंपनीला प्रत्येक युनिटसाठी जबाबदार व्यक्ती नेमू देतं. फॉर्म नऊवर त्या माणसाचं नाव जातं आणि त्या युनिटमध्ये कायदा मोडला गेला तर तोच उत्तरदायी ठरतो. बऱ्याचदा हा माणूस कारखाना चालवणाराच असतो, आणि त्याचं वार्षिक मूल्यमापन मात्र किती लिटर निघाले यावर होतं. हे अन्यायाचं आहे, आणि गिऱ्हाइकासाठी धोक्याचंही. कंपन्यांनी फॉर्म नऊवर सही घेताना त्याच दिवशी त्याला लाइन थांबवण्याचा लेखी अधिकार द्यावा, आणि थांबवलेले तास त्याच्या पगारवाढीतून कापू नयेत.