फॉलोअर्स तुमचे, पण यादी कोणाकडे?

29 जून 2020 आठवतोय? त्या रात्री केंद्र सरकारने 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉकही होतं. गावाकडच्या कित्येक पोरापोरींची लाखो फॉलोअर्सची खाती दोन दिवसांत गप्प झाली. व्हिडिओ गेले हे एक, पण खरा तोटा वेगळाच. फॉलोअर्सचे फोन नंबर टिकटॉक कधी देतच नव्हतं, मग त्यांना कळवणार कसं? जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं आणि सगळ्यांची मोजणी पुन्हा शून्यापासून.

म्हणून इन्स्टाग्राम सोडायचं का? अजिबात नाही, गिऱ्हाईक तिथंच भेटतं. पण भेटलेलं गिऱ्हाईक तिथून आपल्या घरी आणायचं. एक पानाची साधी वेबसाइट पुरे: माल, भाव, पत्ता, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. प्रोफाइलमध्ये तिचीच लिंक द्या. मी दुकानात बिल करताना विचारूनच नंबर लिहून घेतो, दिवाळीआधी त्यावर मेसेज जातो.

आणि हो, वेबसाइट बनवणारा मुलगा कितीही ओळखीचा असू दे, डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्या. होस्टिंग उद्या बदलता येतं. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असलं की रिन्यूअलचा मेसेजही त्यालाच जातो.